गाडीवर सांगतो

वळसंगच्या वैजयंतीला ट्रॅफिकची कोंडी आवडायची. अक्कलकोट रोडवरून रोज कामाला जाणाऱ्या कुणालाही हे सांगून बघा, तो तिला वेड्यात काढेल. रस्त्यात अडकलेला माणूस काय करतो हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. हॉर्न दाबून धरतो, पुढच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि महापालिकेपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना शिव्या घालतो. वैजयंती मात्र एमआयडीसीच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी झालेली दिसली, की नवऱ्याच्या पाठीशी सरकून बसायची, तोंडावरचा स्कार्फ खाली ओढायची आणि त्याच्या कानाशी म्हणायची, "हां, तर काय सांगत हुते मी?"

आदिनाथ टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. माग अडला की त्याला हाक मारायची. वैजयंती त्याच कारखान्यात शिलाईला, टॉवेलच्या कडा शिवायची. दोघांची पाळी नवाची. एकाच मोटरसायकलवर निघायचं, एकाच मोटरसायकलवर परत यायचं. रस्ता मोकळा असता तर बघता बघता पोचले असते. पण गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर, कारखान्यांच्या बस, कॉलेजची पोरं, रिक्षा, टेम्पो, सगळ्यांना एकाच वेळी एकाच फाट्यावर वळायचं असायचं. त्या फाट्याला एक कडुलिंब आहे. त्याच्या सावलीत गाडी बंद करून उभं राहावं लागायचं. हेल्मेट आरशाला लटकवलेलं असायचं, पोलीस दिसला तरच डोक्यावर चढायचं, कारण हेल्मेट घातल्यावर ऐकू येत नाही, अशी आदिनाथची तक्रार होती. कायद्याला ती मान्य नव्हती, बायकोला होती.

एवढं बोलायचं होतं तर घरी का बोलत नव्हते, असं कुणालाही वाटेल. घरात बोलायची सोय नव्हती. माणसं वाईट होती असं अजिबात नाही. सासरे हिंदुराव सरळ मनाचे, सासू बजाबाई तर सुनेच्या ताटात आधी वाढून मग स्वतः घेणारी. पण मोठ्यांच्या पुढ्यात नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. हिंदुराव स्वतः त्यांचे वडील हयात असेपर्यंत बजाबाईंशी दिवसाउजेडी दोन शब्द बोलले नव्हते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. असल्या रिती ज्यानं कुणी घातल्या त्याला एकदा धरून विचारायला पाहिजे, की बाबा, तुझं काय बिघडत होतं?

हिंदुराव रागवायचे नाहीत. नुसते खाकरायचे. वैजयंतीनं आदिनाथकडं बघून तोंड उघडलं की खाटेवरून खाकरणं यायचं आणि ती पदर सावरून वळायची. मग सगळा कारभार मुलीमार्फत. "रेश्मे, तुज्या पप्पांना इचार, भाकरी दोन देऊ का तीन." पप्पा हाताच्या अंतरावर उभे असायचे. तेही मुलीलाच सांगायचे, "तुज्या आईला सांग, दोन बास." रेश्मा मधे उभी राहून कंटाळून म्हणायची, "ऐकलं दोघांनी." पुढं तीच रेश्मा नर्सिंग शिकायला अकलूजला होस्टेलवर गेली आणि घरात निरोप्याही उरला नाही. रात्री आदिनाथ वडिलांसोबत बाहेरच्या खोलीत आणि वैजयंती सासूसोबत आत, कारण बजाबाईंना गुडघ्यांमुळं उठवायला माणूस लागायचं.

म्हणून त्या दोघांनी एक पद्धत लावून घेतली होती. घरात काही सांगण्यासारखं निघालं, की जो तो हळूच म्हणायचा, "गाडीवर सांगते," नाहीतर "गाडीवर सांगतो." मग ते दिवसभर, कधी रात्रभर सांभाळून ठेवायचं आणि कडुलिंबाखाली सोडायचं. रेश्माला शिकायला बाहेरगावी ठेवायचं हे त्या झाडाखाली ठरलं. आदिनाथचं सुपरवायझरशी वाजलं आणि तो काम सोडून निघाला होता, त्याची समजूत तिनं तिथंच घातली. वैजयंतीची आई गेली तेव्हा घरात रडून रडून किती रडणार? लोक दोन दिवस समजून घेतात, नंतर पाण्याच्या घागरी भराव्या लागतात. ती पुढं कितीतरी दिवस त्या कोंडीत नवऱ्याच्या पाठीवर कपाळ टेकून रडली. चहूकडून एवढे हॉर्न वाजत असायचे, की कुणाला ऐकू जायचं नाही.  आदिनाथ डावा हात मागं करून तिचा गुडघा थोपटत राहायचा. आणि तिला तो "वैजू" म्हणायचा ते फक्त गाडीवर.

एका वर्षी दिवाळी झाली आणि त्या भागातल्या कारखानदारांनी मिळून योजना काढली. रस्ता तुंबतो, माल अडकतो, माणसं उशिरा येतात, यावर काहीतरी करायचंच असं त्यांनी मनावर घेतलं. कॅन्टीनमध्ये ऑफिसातल्या पूनम मॅडम उभ्या राहिल्या. मुलगी चांगली होती, उगीच वाईट कशाला म्हणा. तिनं समजावून सांगितलं, की सगळे नवालाच आले तर गर्दी होणारच. जो कामगार सकाळची सहाची किंवा दुपारची दोनची पाळी घेईल, त्याला दर महिन्याला पगारावर भत्ता. जो आपली गाडी घरी ठेवून कंपनीच्या बसनं येईल, त्याला त्यावर आणखी. साप्ताहिक सुट्टीही वेगवेगळ्या वारी. सक्ती कुणावरच नाही.

"तुमचं नुकसान तर काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "तिथं नुसतं उभं राहून तुमचा वेळ वायाच जातो ना?"

वैजयंतीनं आदिनाथकडं बघितलं, आदिनाथनं जमिनीकडं. काय सांगणार? आमचा वेळ वाया जात नाही, तोच एक आमच्या उपयोगाचा आहे, हे भर कॅन्टीनमध्ये कुठल्या तोंडानं सांगणार? सगळ्यांनी हसून हसून पोट धरलं असतं. आणि रेश्माची फी होतीच की डोक्यावर.

ठरलं तेही गाडीवरच. "घ्यू या का?" तो म्हणाला.

"दोगांची एकच पाळी मिळंल का?"

"मी इचारलं. जॉबर लोकांना दुपारची हाय. तुमच्या शिलाईला सकाळची."

पुढची ट्रॉली हलली. मागच्यानं हॉर्न दिला. वैजयंती म्हणाली, "पोरीचं शिक्षण हुईस्तोवर घ्यू. मग सोडू की."

"व्हय, मग सोडू की," तो म्हणाला.

आणि पाळ्या बदलल्या. ती पहाटेच्या बसनं जायची आणि तो दुपारच्या. एक बस कामगारांना उतरवायची, त्याच बसमध्ये सकाळची पाळी सुटलेले चढायचे, तेवढ्यापुरती दोघांची गेटवर गाठ पडायची. मागंपुढं बायांची रांग, सुरक्षा रक्षक घाई करतोय. ती विचारायची, "जेवलात?" तो म्हणायचा, "व्हय." की ती चढली, तो आत गेला. घरी तो पोचायचा तेव्हा ती दिवसभराच्या कामानं झोपी गेलेली असायची. मोटरसायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि कोंबड्यांनी तिच्या सीटवर बसायला सुरुवात केली.

फोनवर बोलून पाहिलं नाही असं नाही. पण या दोघांना फोनवर बोलताच येईना. "हॅलो." "हां, बोल." "काय न्हाय. तुमी बोला." "काय न्हाय." मग दोघंही ओळख नसल्यासारखे गप्प, आणि तो म्हणायचा, "बरं, ठिवतो." ज्यांना कानाशी बोलायची सवय, त्यांना फोनचं यंत्र काय कामाचं. फोन ठेवला की वैजयंतीला रडू यायचं आणि कशाचं ते सांगायला माणूस नसायचा.

त्या वर्षी एकदाच त्यांना गाडी मिळाली. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा असते, सोलापूर सगळं बंद असतं, कारखानेही. दोघं सिद्धेश्वराच्या दर्शनाला म्हणून निघाले. वाटेत इतकं बोलणं झालं, की आदिनाथनं गाडी तळ्याकाठी न थांबवता पुढं नेली आणि सगळ्या शहराला वळसा घालून पुन्हा आणली. बजाबाईंनी विचारलं, "गर्दी हुती का लई?" वैजयंती म्हणाली, "लई हुती, आत्या." खोटं बोलताना तिचा चेहरा नव्या नवरीगत फुलला होता.

पुढच्या हंगामात तर योजनेचं नाव झालं. फाट्यावर पहिल्यासारखी गर्दी राहिली नाही. गेटवर फलक लागला, मॅडमचा सत्कार झाला. त्यात चुकीचं काही नव्हतं, रस्ता खरंच मोकळा झाला होता. पण वैजयंतीला आतून काहीतरी कमी कमी होत चालल्यासारखं वाटायचं. सांगायच्या गोष्टी आधी साठत गेल्या, मग शिळ्या झाल्या, मग आठवेनाशा झाल्या. एकदा मनाचा हिय्या करून ती मॅडमच्या केबिनपर्यंत गेली. भत्ता नको, आमची नवाची पाळी परत द्या, एवढंच म्हणायचं होतं. दारातच फोन वाजला. रेश्मा होती. नव्या वर्षाची फी कधी भरणार असं कॉलेज विचारतंय, म्हणाली. वैजयंती दारातूनच माघारी आली.

संक्रांत जवळ आली होती. एका पहाटे ती निघायच्या गडबडीत होती आणि आदिनाथ तिच्यासाठी उठला होता, रोज उठायचा, मुकाट्यानं पाण्याचा तांब्या भरून द्यायचा. हिंदुराव खाटेवर जागेच होते. तांब्या तिच्या हातात यायच्या आधी आदिनाथच्या हातून निसटला आणि पाणी सगळं उंबऱ्यावर सांडलं. तो वाकून तांब्या उचलायला गेला तर उजव्या हाताची बोटं मिटेनात, डाव्या हातानं उचलला. वैजयंतीनं बघितलं. तोंडानं नाही, डोळ्यांनी विचारलं, काय झालं?

तो हळूच म्हणाला, "गाडीवर सांगतो."

खाटेवरून खाकरणं आलं. वैजयंती "बरं" म्हणाली आणि निघाली. इतक्या वर्षांची सवय. बस कुंभारीच्या पुढं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की गाडी कुठली? गाडी तर गोठ्याशी धूळ खात उभी आहे. आणि तिला हसू फुटलं. शेजारी बसलेल्या नागम्मानं विचारलं, "काय गं, एकटीच हसाया लागलीस?"

"आमचं येडं," वैजयंती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पुन्हा हसली.

ते हसू तिला अजून छळतं.

दुपारी गेटवर तिनं विचारलं, "काय सांगणार हुता?" रांग पुढं सरकत होती. तो म्हणाला, "गड्ड्याला जाऊ की. निवांत सांगतो." तिला वाटलं, पुन्हा सुपरवायझरशी काही झालं असेल. गड्डा काय, चार दिवसांवर आला होता. रेश्मा झाली तेव्हापासून तिनं त्याच्या सगळ्या गोष्टी अशाच वाट बघून ऐकल्या होत्या. हीही ऐकली असती.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी ती तीळ भाजत बसलेली असताना बसूचा फोन आला. बसू आदिनाथच्याच पाळीत मागावर होता. आदिनाथ मागाखाली वाकला आणि परत उठलाच नाही, उजवी बाजू लुळी पडलीय, आम्ही सिव्हिलला नेतोय, तुम्ही या. कढईतले तीळ तसेच करपले. वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, पण घरात कुणाला आला नाही.

अंगावरून वारं गेलं होतं. जीव वाचला, पण उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही झालं होतं? हात बधिर होणं, हातातून वस्तू पडणं?" वैजयंतीनं मान डोलावली. "तेव्हाच आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. ते रोज दहाजणांना असंच सांगत असतील. ती भिंतीला टेकून खाली बसली.

बसू बाहेर उभा होता. त्यानं तिला चहा आणून दिला आणि म्हणाला, "वैनी, पंधरा दिवस झालं, हात जड पडतोय म्हणायचा. म्या म्हनलं, दवाखान्यात जा. तर म्हनला, आदी बायकोला सांगतो, ती न्हील. म्या म्हनलं, मग सांग की आजच. तर म्हनला, घरात कसं सांगू, म्हातारं-म्हातारी घाबरतील. गड्ड्याला सांगतो, गाडीवर."

वैजयंतीनं चहा तसाच हातात धरून ठेवला. पंधरा दिवस एक माणूस आपला हात मरताना बघत होता आणि ते सांगायला त्याला रस्त्यात जागा पाहिजे होती. ती जागा दोघांनी मिळून विकली होती. कुणी फसवलं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. यात राग काढायला माणूससुद्धा सापडत नाही, हेच तिला सोसवेना.

आदिनाथ घरी आला तेव्हा त्याच्याजवळ एकच शब्द राहिला होता. गेटवरचा. "व्हय."

"पानी पायजे का?" "व्हय." "नगं ना?" "व्हय." "दुखतंय का?" "व्हय." डोळ्यांत सगळं यायचं, ओठ धडपडायचे, आणि बाहेर पडायचं तेवढंच. मग तो डावा हात खाटेवर आपटायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, डोक्यातले शब्द बाहेर येत नाहीत, आला तर एखादाच येत राहतो. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा.

आणि एका दुपारी हिंदुराव, ज्यांनी जन्मभर खाकरण्यावर घर चालवलं, ते काठी टेकत आत आले. सून नवऱ्याच्या तोंडाला पेजेचा चमचा लावत होती, मुकाट्यानं. म्हातारा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "पोरी, बोल की त्येच्याशी. माज्यासमोर बोल. समद्या गावासमोर बोल." आणि तिथंच चौकटीला डोकं टेकून रडायला लागला. वैजयंतीला त्यांची कीवही आली आणि रागही आला. आता परवानगी दिली, मामा. आता कुणाशी बोलू?

ती तरीही बोलायची. पण घरात तिला बोलताच यायचं नाही. भिंती बघितल्या की जीभ आपोआप आखडायची. म्हणून तिनं जुनी स्कूटी घेतली, बसूकडून शिकली, दोनदा पडली. आदिनाथ काठीनं चालायला लागल्यावर तिनं त्याला मागं बसवलं आणि जुन्या साडीच्या पट्ट्यानं त्याची कंबर आपल्या कमरेशी बांधली. सुट्टीच्या दिवशी व्यायामाला सोलापुरात न्यायचं. दवाखान्यातल्या मॅडमनी दुपारची वेळ मिळवून देते म्हटलं होतं, तेव्हा रस्ता रिकामा असतो. वैजयंतीनं नवाचीच घेतली. गर्दीचीच. कमी झाली म्हणतात, तरी हंगामात नवाला थोडीफार असणारच. आता त्याचं तोंड तिच्या कानाशी होतं. कोंडीत उभं राहिलो, हॉर्न वाजायला लागले, मागची सवय जागी झाली, तर एखादा शब्द सुटेलही, असा तिचा हिशेब होता. कुणाला सांगितला नव्हता तिनं. डॉक्टरांना तर नाहीच.

हंगाम होता. नऊ वाजत आले होते. वैजयंती फाट्याजवळ आली आणि तिनं वेग कमी केला, अडकायला तयार झाली. पण अडकायला काहीच नव्हतं. उसाचा एक ट्रॅक्टर कडेकडेनं शिस्तीत निघून गेला. दोन बस गेल्या, माणसांनी भरलेल्या, सगळ्यांनी भत्ता घेतलेल्या. रस्ता समोर लांबपर्यंत मोकळा होता.

तिनं कडुलिंबाखाली स्कूटी घेतली आणि बंद केली. अर्धी गाडी रस्त्यावरच. स्कार्फ खाली ओढला.

"अवो," ती म्हणाली. पाठीवर त्याचा श्वास लागत होता. "त्या दिशी तांब्या पडला, तवा म्या तितंच इचारलं असतं, मामांच्या म्होरं, मोठ्यानं, तर सांगितलं असतंत का?"

 त्याचा डावा हात हळूहळू पुढं आला, तिच्या गुडघ्यावर टेकला आणि थोपटायला लागला.

"व्हय," तो म्हणाला.

दुसरं त्याला बोलताच येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं उलटा प्रश्न विचारला असता तरी हेच आलं असतं. तो उलटा प्रश्न विचारायचा तिला धीर झाला नाही. मागून एक टेम्पो आला, त्यानं दोनदा हॉर्न दिला आणि आतून माणूस ओरडला, "ओ बाई, मोकळ्या रस्त्यात कशाला उभ्या राहता? घ्या की पुढं."

वैजयंतीनं स्कार्फ वर ओढला, गाडी चालू केली आणि पुढं घेतली.